कान नसलेल्या कपाने ऐकलेलं

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. पांढरा, काठाला सोनेरी रेघ आणि पोटावर निळी फुलं असलेला. रेघ आता पुसट झाली आहे, फुलांच्या पाकळ्या घासून घासून विरल्या आहेत, पण मला पाहणाऱ्याच्या ध्यानात यातलं काहीच राहत नाही. ध्यानात राहतं ते एवढंच, की या कपाला कान नाही. जिथे तो होता तिथे दोन खडबडीत खुणा उरल्या आहेत. हसू नका. कान गेला म्हणून मी बहिरा झालो नाही. उलट कान शाबूत असताना ऐकलं नसेल एवढं मी तो गेल्यावर ऐकलं. ऐकलं आणि गप्प बसलो, कारण कपाला दुसरं काय करता येतं?

माझा जन्म गुजरातेतल्या एका भट्टीत झाला. भट्टीची धग आठवते, बाकी फारसं नाही. तिथून गवतात गुंडाळून मी मुंबईला आलो आणि एका बोहारणीच्या पाटीत पडलो. जुने कपडे घ्यायचे आणि त्यांवर भांडी, कपबश्या द्यायच्या, हा बोहारणीचा धंदा. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी एक बैठी चाळ होती. तिथे वनमाला नावाच्या बाईने तिला दारात बसवून घेतलं आणि सकाळभर घासाघीस केली.

"एवढ्या कपड्यांवर कप नाय येत बाई. नुसत्या बश्या घे," बोहारीण म्हणाली.

"मग नुसत्या बशीत काय वारा पिऊ?" वनमाला म्हणाली, आणि आपली एक विटलेली साडी आणखी त्या ढिगावर टाकून तिने आम्हा सहा भावंडांना घरात घेतलं. घेण्याआधी तिने प्रत्येकाला नखाने टिचकी मारून पाहिली. तडा गेलेला कप दिसायला धडधाकट दिसतो, पण टिचकी मारली की बद्द वाजतो. मी टण्ण वाजलो. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

वनमाला आणि तिचा नवरा सीताराम दोघंही सावंतवाडीकडची. सीताराम गिरणीत कामाला होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. वनमाला त्याबद्दल कधी बोलत नसे. चाळीतल्या बायका बारशाचं बोलावणं करताना तिचं दार विसरत, आणि विसरल्याचं त्यांना बारसं उरकल्यावर आठवत असे. वनमालाही "असू दे गं" म्हणून हसून सोडून देई. मात्र अशा दिवशी ती भांडी जरा जोरात घासायची.

आमची फळी शेजारच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर ठोकलेली होती. भिंत कसली, पत्र्याचा आडोसाच तो, आणि तोही छपरापर्यंत न पोचलेला. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तर तोंडही होतं. पलीकडच्या खोलीतली शिंकसुद्धा आम्हाला ऐकू यायची. अशा त्या पलीकडच्या खोलीत एके दिवशी शकु राहायला आली.

शकु टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती आणि तिचा नवरा रतन बसवर कंडक्टर. माणसं जालन्याकडची. त्यांच्या घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर लागली, आणि तसबिरीखालच्या पाळण्यात नीला नावाची तान्ही पोर होती. नेमकी त्याच दिवसांत सीतारामची आई गावाहून आली होती. म्हातारीने दारात उभं राहून पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय गो तुमचा?"

शकुने सांगितलं. म्हातारी "बरां" म्हणाली, आणि उंबऱ्यापाशी ठेवलेली पाण्याची कळशी उचलून आत घेऊन गेली. वनमाला तेव्हा स्टोव्हला पंप मारत होती, तिला यातलं काही दिसलं नाही. शकुला दिसलं. पुढे म्हातारी गावी गेली आणि तिकडेच वारली, पण ते कळशी उचलणं शकुच्या मनात बारीक कुसासारखं राहून गेलं. हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते अगदीच आभाळातून पडलेलं नव्हतं.

तरी दोघींचं जमलं, आणि काय जमलं म्हणता! शकुची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. नीलाला कुठे ठेवायचं हा प्रश्न तिने विचारायच्या आतच वनमालाने पोरीला उचलून घरात नेलं होतं. नीला या घरात रांगली, या घरात चालली, आणि बोलायला लागली तेव्हा वनमालाला 'वनाई' म्हणायला लागली. तिने पहिल्यांदा वनाई म्हटलं त्या दिवशी वनमालाच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. सीतारामने मुकाट्याने खाल्ली.

कामावरून आली की शकु आधी आमच्या घरात टेकायची आणि मग स्वतःच्या घरात जायची. चहा व्हायचा. सहा कपांपैकी हाताला येईल तो कप.

"वने, चहात साखर घालतेस की साखरेत चहा?"

"दिवसभर लोकांचं हॅलो हॅलो ऐकून तोंड कडू होत असेल तुझं. पी गुपचूप."

मी दोघींच्याही हातांत असायचो. मला त्या हातांत काही फरक कधी जाणवला नाही.

नीलाचा एक खेळ होता. आपल्या घरात असली की ती भिंतीच्या पत्र्यावर दोनदा वाजवायची. इकडून वनमाला बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायची. टक टक, टक टक. फळी हलायची आणि आम्ही कप एकमेकांवर आपटायचो. एकदा नीला आमच्या घरात होती आणि आईला हाक द्यायला तिला चमचा सापडेना. तिने मलाच कानाला धरलं आणि पत्र्यावर आपटलं. कान तिच्या मुठीत राहिला आणि मी घरंगळत चटईवर गेलो.

पोरीने भोकाड पसरलं. वनमालाने मला उचलून उलटसुलट पाहिलं, टिचकी मारली. मी टण्ण वाजलो.

"रडू नको गं. कान ओढलास ना त्याचा, आता तो तुझं ऐकणार नाही एवढंच," ती म्हणाली.

समोरच्या खोलीतल्या सुलक्षणाने बजावलं, की फुटकं भांडं घरात ठेवू नये, अवदसा येते. वनमालाने ऐकलं नाही. "फुटका कुठे आहे? कान तर गेलाय," असं म्हणून तिने मला फळीच्या एका टोकाला वेगळं ठेवलं, आणि त्या दिवसापासून ती स्वतःचा चहा माझ्यातच प्यायला लागली. दोन्ही तळव्यांत मला धरायची, थोडा वेळ तशीच बसायची आणि मग प्यायची. नीलाच्या हातून तुटलेली वस्तू तिला टाकवत नव्हती. मित्रांनो, भांड्याला यापेक्षा मोठा मान मिळतो असं मला वाटत नाही. त्या घरात मी सगळ्यात लाडका होतो.

गिरण्यांचा संप झाला त्याच्या पुढच्या वर्षी शकुचे वडील अंबादास डोळा दाखवायला मुंबईला आले. उंच, सुकलेले, पांढरंशुभ्र धोतर नेसलेले. जन्मभर दगड फोडलेले हात, बोटं जाड आणि तर्जनी वाकडी झालेली. वनमालाने त्यांना पहिल्या दिवशी माझ्या एका भावंडातून चहा दिला. त्यांचं बोट कपाच्या कानात जाईना. त्यांनी चिमटीत धरायचा प्रयत्न केला, कप कलंडला आणि चहा धोतरावर सांडला. म्हातारा माणूस एवढा ओशाळला, की डाग लपवायला धोतराचा सोगा हातात धरूनच बसून राहिला. "असू दे आबा," शकु म्हणत राहिली.

वनमालाने ते पाहिलं आणि मनात ठेवलं. तिचे वडील धोंडू गावी असेच दोन्ही हातांच्या ओंजळीत वाडगा धरून चहा पीत. तिला वाटलं, या बाबांना कानाची कटकट नको.

त्यानंतरच्या रविवारी तिने सगळ्यांना चहाला बोलावलं. कांदेपोहे केले होते, वर ओलं खोबरं भुरभुरलं होतं. सीताराम, रतन, शकु, नीला, सगळी चटईवर बसली. अंबादासांना वनमालाने खुर्ची दिली. मग तिने मला फळीवरून काढलं, राखेने घासलं, दोनदा विसळलं, पदराने पुसलं आणि माझ्यात काठोकाठ चहा ओतला. स्वतःचा कप ती त्यांना देत होती. मी अगदी फुलून गेलो होतो.

अंबादासांनी हात पुढे केला आणि मला पाहिलं. हात तिथेच थांबला.

"राहू द्या माय. आत्ताच घेतला न्हवं घरी," ते म्हणाले.

"असं कसं? घ्या हो बाबा," वनमाला आग्रहाने म्हणाली, आणि कौतुकाने तिने पुढचं वाक्य जोडलं. "तुमच्यासाठी हा कप मी वेगळा ठेवलाय."

वेगळा. मराठीत हा शब्द किती साधा आहे बघा. लाडक्या पोरासाठी लाडू वेगळा ठेवतात. आणि दुसराही एक वेगळा असतो, जो वनमालाच्या ध्यानीमनी नव्हता.

अंबादासांनी मला घेतलं. दोन्ही तळव्यांत धरलं, अगदी तिला वाटलं होतं तसंच. कुठेही न थांबता त्यांनी चहा संपवला. मग ते उठले, मोरीत गेले, मला स्वतःच्या हाताने विसळलं, आणि दाराबाहेर जाऊन उंबऱ्याच्या पलीकडे, भिंतीच्या कडेला मला पालथं घातलं. हे सगळं त्यांनी शांतपणे केलं. त्या हातांना ते शिकवावं लागलेलं नव्हतं.

"अहो बाबा, तुम्ही कशाला विसळता? बघा शिका जरा, जेवलेलं ताटसुद्धा हलवत नाही तुम्ही," वनमाला सीतारामला हसत म्हणाली. सीतारामही हसला. शकु हसली नाही. तिचे पोहे ताटलीत तसेच राहिले, आणि नीलाला झोप आली आहे असं सांगून ती सगळ्यांना घेऊन गेली.

संध्याकाळी मी फळीवर होतो. पत्र्यापलीकडून बारीक आवाजातलं बोलणं वरून येत होतं.

"आबा, तिचं तसं काही नसेल. चार वर्षं बघतेय मी तिला," शकु म्हणत होती.

"नसंल. मी कुठं काय म्हणलं?" अंबादास म्हणाले. "पर कप वळखतो मी, लेकी. पाटलाच्या वळचणीला खोचलेला असायचा. कान तुटलेलाच असायचा, कारण धड कप आमाला कोण देणार? प्यायचा, धुवायचा, पालथा घालून परत वळचणीला. माझा बाप प्याला, मी प्यालो. तू पिऊ नये म्हणून तुला शाळंत घातली."



मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, तो कप मी नव्हे. मला एका पोरीने खेळताना फोडलं. या बाईचे ओठ रोज मला लागतात. पण कपाला तोंड असतं ते फक्त ओतण्यापुरतं.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. अंबादासांना मी दोष देत नाही, ते जन्मभर पोळले होते. पण शकुच्या मनात त्या संध्याकाळी संशय शिरला, आणि संशयाची खोड मला तेव्हा कळली. तो पुढचं बघत नाही, मागचं उकरत बसतो. तिला म्हातारीने उचललेली कळशी आठवली. मग तिला आठवली नीलाची हिरव्या काठाची छोटी ताटली, जी वनमालाने जत्रेतून मुद्दाम तिच्यासाठी आणली होती.

"तिथे नीलाची ताटलीसुद्धा वेगळी आहे," ती रतनला म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"अगं, लहान पोर आहे, छोटी ताटली असणारच. विचार ना सरळ तिला," रतन म्हणाला.

"विचारून काय होणार? नाही म्हणाली तर खरं कशावरून? आणि हो म्हणाली तर मी काय करू?"

तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नीला आली नाही. शकुने दारातूनच सांगितलं, की स्टेशनजवळ पाळणाघर आहे, तिथे मुलांची सोबत मिळते, तिथे घातलंय. सांगताना ती वनमालाकडे बघत नव्हती, कडीकडे बघत होती.

वनमाला आत आली. तिने चहा केला, माझ्यात ओतला आणि तो निवून साय धरेपर्यंत मला तसंच हातांत धरून बसली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या मनाने काय चिंतलं ते ऐका. पोर नेली, कारण मी वांझ आहे. गावाहून म्हातारा आला आणि त्याने सांगितलं असणार, की मूलबाळ नसलेल्या बाईची नजर लागते, तिच्याकडे पोर ठेवू नको. रविवारी पोहे खाल्ले नाहीत ते त्यासाठीच. म्हाताऱ्याने कप विसळून दाराबाहेर ठेवला, तो काय उगीच? माझ्या घरातलं काही बरोबर येऊ नये म्हणून.

बघा मित्रांनो. तोच कप, तोच उंबरा. पण प्रत्येकीने आपापल्या जुन्या दुखण्याला हात लावून त्याचा अर्थ काढला.

"विचार ना जाऊन एकदा," सीतारामही म्हणाला.

"काय विचारू? मी वांझोटी म्हणून पोर नेलीस काय, असं विचारू?" वनमाला म्हणाली.  सीतारामने पुन्हा तो विषय काढला नाही.

एका संध्याकाळी पलीकडून पत्र्यावर वाजलं. टक टक. नीला होती. वनमाला स्टोव्हपाशी उभी होती. तिने हात उचलला, पेरं पत्र्याच्या अगदी जवळ नेली आणि मागे घेतली. मी फळीवरून पाहत होतो. पुन्हा वाजलं. मग शकुचा आवाज आला, "नको गं, वनाईला काम असेल." आणि पलीकडे शांत झालं. इकडे वनमालाने भाजी जाळली.

तुम्ही म्हणाल, भांडण तरी व्हायचं. भांडण झालं असतं तर चाळ गोळा झाली असती, चार शब्द तोंडातून गेले असते, आणि त्या चारांत एखादा खरा निघाला असता. या दोघी मात्र फार सभ्यपणे वागल्या. नळावर भेटल्या की एकमेकींना आधी हंडा लावायला सांगत. "तू घे." "नाही, तू घे." ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

पुढच्या वर्षी शकुला बोरिवलीला सरकारी क्वार्टर मिळाली. सामान टेम्पोत चढलं. वनमालाने नीलासाठी रव्याचे लाडू केले होते. ते डब्यात भरले, डबा पिशवीत घातला, आणि मग आपल्या हातचं त्यांना चालेल की नाही या शंकेने पिशवी पदराखालीच धरून ती दारात उभी राहिली. शकु तिच्या दारासमोर थांबली. नीला रतनच्या कडेवर होती आणि अंग टाकून इकडे झेपावत होती.

"जाते गं," शकु म्हणाली.

आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. वनमालाने तो शब्द ऐकला. तिने मान हलवली. टेम्पो गल्लीतून वळेपर्यंत ती तिथेच उभी होती. लाडू मुंग्या लागेपर्यंत डब्यात राहिले.

त्यानंतर वर्षं गेली. संप कधी संपला ते कुणालाच नीट कळलं नाही. सीताराम अंधेरीला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. माझी भावंडं एकेक करून फुटली. त्यांच्या जागी स्टीलचे पेले आले. पलीकडच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं, त्यांनी भिंत विटांची करून वरपर्यंत नेली. मग मला काही ऐकू येईनासं झालं, आणि ऐकण्यासारखं काही राहिलंही नव्हतं. वनमाला चहा मात्र माझ्यातच पीत राहिली.

अठ्ठ्याऐंशी साली तिचे वडील धोंडू आजारी पडले म्हणून ती गावी गेली. परत आली ती पिशवी दारातच टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला फळीवरून काढलं, हातात धरलं आणि खाली बसली.

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?" सीतारामने विचारलं.

"बरे आहेत." तिने माझ्या तुटक्या कानाच्या खुणेवर अंगठा ठेवला. "मागच्या पडवीत वळचणीला एक कप खोचलेला होता. कान नसलेला, असाच. लहानपणापासून तिथे असायचा, मी कधी बघितलाच नव्हता. म्हणजे डोळ्यांना दिसायचा, पण बघितला नव्हता. मी बाबांना म्हटलं, हा इथे कशाला? तर बाबा म्हणाले, 'तो भायलीकडसून कामाक येतत तेंका चाय देवक. वेगळो ठेवलेलो आसा.'"

भायलीकडसून म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीतून, हे सीतारामला सांगावं लागलं नाही.

"वेगळो," वनमाला म्हणाली. "अहो, मी त्यांना हेच म्हटलं होतं. शकुच्या वडलांना. तुमच्यासाठी वेगळा ठेवलाय म्हटलं होतं. आणि ते पिऊन, धुऊन, बाहेर ठेवून आले. आणि मी हसले."

असं असतं बघा. त्या कपात ज्यांनी चहा दिला त्यांच्या घरच्या लेकीला तो दिसतही नव्हता. जे त्यातून प्याले, त्यांना तो एका नजरेत ओळखू आला. वनमालाच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याची चैन शकुच्या माणसांना कधी मिळाली नव्हती.

वनमालाने मला जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पत्ता विचारत विचारत बोरिवलीला क्वार्टर्समध्ये गेली. दार शकुनेच उघडलं. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "ये. आत ये."

आत भिंतीवर दोन जुन्या तसबिरी होत्या आणि तिसरी नवी. तिसऱ्या तसबिरीत अंबादास होते. वनमाला तिच्यासमोर उभी राहिली ती हललीच नाही.

"गेल्या वर्षी गेले," शकु मागून म्हणाली.

वनमालाने पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. शकुचा चेहरा आवळला गेला.

"हा कप माझा आहे, शकु," वनमाला म्हणाली. "नीलाने फोडला तेव्हापासून मी ह्यातच चहा पिते. त्या रविवारच्या आधीही प्यायचे, अजून पिते. तुझ्या आबांचं बोट कपाच्या कानात जात नव्हतं, धोतरावर चहा सांडला होता, म्हणून मी माझा कप त्यांना दिला. मला माहीत नव्हतं गं. आमच्याच गावच्या घरी वळचणीला तसला कप होता, आणि मला माहीत नव्हतं."

शकु खुर्चीवर बसली.  मग म्हणाली, "आबा मरेपर्यंत कुणाच्या घरी चहा प्यायले नाहीत त्यानंतर. घरी पिऊन आलोय म्हणायचे." आणि थोड्या वेळाने, "विचारायचं तरी होतंस ना, पोर का नेली म्हणून."

"मला वाटलं, माझी नजर लागेल म्हणून नेलीस. मला मूल नाही म्हणून."

"मी?" शकुने तोंडावर हात नेला. "वने, मी असा विचार करीन?"

"तुला तरी वाटलं ना, मी असं वागेन."

 दोघींचंही खरं होतं. मग शकु रडली, आवाज न करता, तसबिरीकडे पाठ करून. वनमालाने तिच्या पाठीवर हात ठेवला. शकुने तो झटकला नाही, धरलाही नाही.

नीला शाळेतून आली. उंच झाली होती, दोन वेण्या घातलेली. ही कोण बाई, असा तिचा चेहरा होता. "तुझी वनाई," शकुने सांगितलं. पोरीने लाजून "नमस्कार मावशी" म्हटलं आणि आत निघून गेली. वनमालाने माझ्या काठावरून बोट फिरवलं. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात जास्त तिला ते 'मावशी' लागलं.

शकुने चहा केला. वनमालाचा चहा तिने माझ्यातच ओतला. पिऊन झाल्यावर वनमाला मला विसळायला उठली तेव्हा शकुने मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः धुतलं. मग मला त्याच साडीच्या तुकड्यात गुंडाळून परत दिलं.

"हा घेऊन जा. तुझ्यावर राग नाही माझा. पण कान तुटलेला कप मी माझ्या घरात ठेवणार नाही. आबांना सांगता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

वनमालाने मान हलवली. तिला ते पटलं, आणि मलाही पटलं. दारात चपला घालताना ती म्हणाली, "जाते मग."

शकु कडीला हात लावून उभी होती. "जाते म्हणू नको," ती म्हणाली. "येते म्हण."

"येते," वनमाला म्हणाली.

तेव्हापासून ती बोरिवलीला जाते, शकु कधीतरी घाटकोपरला येते. पहिल्यासारखं काही झालं नाही. नीला तिला मावशीच म्हणते. मी अजून वनमालाच्या फळीवर आहे. ती कधीतरी मला टिचकी मारून बघते. मी टण्ण वाजतो, पण त्याचा मला आता अभिमान वाटत नाही.

मित्रांनो, भांडी जपा असं सांगून मी तुमची रजा घेणार नाही. भांडी फुटायचीच. पण मनात शंका आली तर जाऊन विचारा, आणि तुमच्यावरच कुणी शंका घेतली तर रुसून बसण्याआधी त्या माणसाचं तोंड कशाने पोळलं आहे तेही विचारा. आणि हे सगळं, ज्याला विचारायचं त्याची तसबीर भिंतीवर लागायच्या आत करा. मी त्या दोन घरांच्या मधल्या फळीवर बसून सगळं ऐकलं, मला सगळं ठाऊक होतं, आणि मला एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला बोलता येतं.